मोनोचं बटण

आमच्या शहराचं नाव वूच, म्हणजे होडी.
नद्या मात्र सगळ्या जमिनीखाली, नळांतून.
कान लावला तर ऐकू येतात म्हणे.
मी तीस वर्षं बसलोय
सूतगिरणीसमोरच्या तळघरात
जुने ॲम्प्लिफायर उघडून,
मला काही अजून आली नाही ऐकू.

फेब्रुवारीत हाल्श्का आली.
बुटांचा बर्फ पायरीवरच झटकला,
हातमोज्यातून नोटा काढल्या, सोळाशे झ्लॉटी,
आणि मोजून दाखवल्या, मी मागितलं नसताना.
दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर मशीनची किरकिर,
संध्याकाळी ट्रॅममध्ये एक इअरफोन, त्यात चेलो.
"पहिलीच सिस्टिम आहे," म्हणाली. "चूक करायची नाहीये."

म्हटलं, बस आधी.
चूक सगळेच करतात, महागातली करू नये.
निम्मे पैसे स्पीकरवर घाल.
ॲम्प्लिफायर जुना चालेल. हा बघ,
माझ्याहून धाकटा आहे, नि पाठीचं दुखणं नाही.
एक बटण खरखरतं, पुसून देईन.
वायर म्हणजे तांबं. टोकाला सोनं लावलं
म्हणून गाणारीचा घसा सुधारत नाही.
उरलेल्यात गालिचा घे, जाडसा,
नाहीतर उघड्या फरशीवरून आवाज माघारी येतो
उधारी वसूल करायला आल्यासारखा.

हसली. खुर्ची तिरकी करून बसली,
उजवा खांदा पुढे.
मग, अगदी हळू:
"एकच स्पीकर घेतला तर निम्म्यात पडेल?"

जोडी असते, मी म्हटलं. नवराबायको नाही, पण जोडी.

"डावा कान सहाव्या वर्षी गेला. गालगुंडात.
दुसरा वाजवू कुणासाठी?"

आता काय सांगणार.
जन्मभर गिऱ्हाइकांना हेच शिकवलं:
दोघांच्या बरोब्बर मध्ये बसा,
सुतळीनं त्रिकोण मोजा,
मग हवेत, कुणी नसताना, बाई उभी राहते.
ह्या कानाचं त्या कानाला कळू देऊ नये म्हणतात,
हिच्याकडे ते आपोआपच.

मी ते खरखरणारं बटण पुसायला घेतलं.
कापूस, स्पिरिट, चाळीस वर्षांची काळी मळी.
कुणी कधी दाबलंच नव्हतं ते.
दोन्ही बाजूंचं एकत्र करून देणारं बटण, मोनो.
एकच स्पीकर जोडला.
तिनं फोन लावला, तिचा तो चेलो,
आणि मी दाबलं.

चेलो आला. त्याच्या पाठोपाठ पियानो.

"हा कुठून आला?"

पहिल्यापासून आहे, म्हटलं. डावीकडे बसलेला.

तिला रडू येईल असं वाटलं मला, रुमाल शोधत होतो.
ती चिडली.
"आठ वर्षं!" म्हणाली, "आठ वर्षं रोज ऐकतेय हे!"
जसं काही पियानोवाला मीच, दाराआड लपलेला.
मग एकामागून एक सगळं लावून पाहिलं,
इथे बासरी, इथे कुणीतरी खोकतंय,
हे टाळ्या वाजवणारे निम्मे कुठे होते इतके दिवस?
दुकान बंद करायची वेळ टळून गेली.

एकच घेतला. मोठा.
दुसरी तार मोकळी ठेव, सांगितलं,
हा ॲम्प्लिफायर तक्रार करणारातला नाही.
हिशेबात शंभरेक उरले, त्यात गालिचा बसतो का
विचारत होती. बसत नाही. तरी म्हटलं बसेल,
सोमवारच्या बाजारात, घासाघीस केलीस तर.

जोडीतला दुसरा माझ्याकडेच पडून आहे.
एकटा कोण घेणार? हे तिला सांगितलेलं नाही.
त्यावर मी सकाळच्या बातम्या लावतो.
कधी कधी डाव्या कानात बोट घालतो
आणि बघतो, बातमीतलं काय गळतं ते.

एप्रिलात तिचा फोन आला. बटण पुन्हा खरखरतंय.
ये घेऊन, म्हटलं.
आता रोज दाबलं जातंय, झिजणारच.